खरखरणारा व्हॉल्यूम: जुन्या टू-इन-वनचा कान कसा दुरुस्त करायचा

कपाटावर बरीच वर्षं पडून असलेला टू-इन-वन एके दिवशी खाली निघतो. धूळ पुसली, सेल घातले, चालू केला. कॅसेट फिरते, रेडिओची सुई सरकते, सगळं ठीक. आणि आवाज वाढवायला बटण फिरवलं, की स्पीकरमधून वाळूवर चप्पल घासत नेल्यासारखी खरखर. थोडं पुढं नेलं तर डावा स्पीकर गप्प. जरा मागं घेतलं तर तो परत येतो, पण असा दणक्यात की दचकायला होतं. शेवटी आपण बटण एका बऱ्यापैकी जागी आणून ठेवतो आणि घरात सगळ्यांना बजावतो, त्याला हात लावू नका.

ज्यांनी आजवर कुठलंच यंत्र उघडलेलं नाही त्यांनी सुरुवात करायला हा बिघाड चांगला आहे. बहुतेक वेळा एकही सुटा भाग बदलावा लागत नाही. लागतो तो धीर. माझ्या हातून या कामात जे जे बिघडलं ते घाईनं बिघडलं, आणि त्यातलंही बरंचसं भलत्याच भागावर संशय घेतल्यामुळे. म्हणून स्क्रूड्रायव्हर नंतर, आधी कानाचं काम.

बटणामागे काय असतं

बटणामागे असतो पोटेन्शिओमीटर. दुरुस्ती करणारे त्याला नुसतं पॉट म्हणतात, किंवा व्हॉल्यूम कंट्रोल. आत घोड्याच्या नालासारखी वळवलेली कार्बनची काळी पट्टी असते, तिला ट्रॅक म्हणायचं. नालाच्या दोन टोकांना एकेक पाय. मधला तिसरा पाय वायपरचा. वायपर म्हणजे पत्र्याची लवचिक जीभ, बटण फिरेल तशी ट्रॅकवरून घासत जाणारी. वरच्या टोकाला पूर्ण सिग्नल येतो, खालचं टोक ग्राउंडला, म्हणजे शून्याला जोडलेलं असतं. वायपर या दोहोंच्या मध्ये जिथे उभा असेल तिथला वाटा उचलतो आणि पुढे ॲम्प्लिफायरकडे पाठवतो. स्टिरिओ सेटमध्ये असे दोन पॉट एकाच दांड्यावर एकामागे एक बसवलेले असतात, एक डाव्याचा, एक उजव्याचा. त्याला डबल गँग म्हणतात आणि त्याचे पाय सहा.

पाय आठ निघाले तर गोंधळू नका. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी बारीक, तीव्र सूर कमी ऐकू येतात. ते भरून काढायला काही सेटवर 'लाउडनेस' नावाचा खटका असतो, आणि त्यासाठी ट्रॅकच्या अधल्यामधल्या जागेतून प्रत्येकी एक जादा पाय काढलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पॉट बदलायची वेळ आली तर पुढे नडते.

खरखर का होते? पॉट पूर्ण बंद नसतो, त्यामुळे धूळ आत जाते. वापर नसला की पत्र्याच्या जिभेवर काळपट थर चढतो, आतलं ग्रीस वाळून चिकट होतं. वायपर त्यावरून जाताना क्षणभर उचलला जातो, परत टेकतो. तेवढा तुटका क्षण ॲम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकर ऐकवतो.

आधी ऐका

सेट बंदच असू द्या, म्हणजे उघडू नका. सेलवर चालवा, सवयीची कॅसेट लावा आणि बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा.

फक्त फिरवताना खरखर होते आणि हात थांबला की तीही थांबते, तर मळ किंवा त्याचा एक छुपा भाऊ, त्याच्याकडे पुढे येतो. बटणाला हातही न लावता कुरकुर चालूच असेल तर पॉटला सोडून द्या, दोष एखाद्या कंडेन्सरमध्ये, ट्रान्झिस्टरमध्ये किंवा खटक्यात आहे.

बटण पूर्ण मागे नेलं तरी एका बाजूचा आवाज कमीच होत नाही, कायम ओरडतोय, असं असेल तर त्या बाजूच्या पॉटचं खालचं टोक ग्राउंडपासून सुटलंय. शून्याकडे जायचा रस्ताच नाही म्हटल्यावर वायपर काय करणार! उलट एक बाजू पूर्ण गप्प असेल किंवा भुतासारखी पुसट ऐकू येत असेल तर वरचा पाय नाहीतर वायपर.

बटण न फिरवता बोटानं नुसतं वर-खाली, डाव्या-उजव्या बाजूला दाबून बघा. तेवढ्यानं आवाज जात-येत असेल तर मळापेक्षा पायांच्या सोल्डरवर, म्हणजे पाय बोर्डाला पक्के करणाऱ्या वितळवलेल्या धातूवर, जास्त संशय घ्या. हाताचा रोजचा जोर याच भागावर येतो. काही सेटमध्ये पॉट पॅनेलला नटानं आवळलेला नसतो, सगळा भार बोर्डावरच्या सोल्डरवर. मग पायाभोवती केसाइतकी बारीक गोल चीर पडते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, भिंगाखाली स्पष्ट दिसते.

आता इतर संशयित. कॅसेटला त्रास आहे पण रेडिओ स्वच्छ वाजतो, असं असेल तर पॉट निर्दोष आहे. दोघांचा आवाज त्याच पॉटमधून जातो. तिथे कॅसेटच्या फितीला टेकणारं हेड बघा, आणि रेकॉर्ड-प्लेचा तो लांबलचक सरकता खटका बघा. त्यात कितीतरी संपर्क ओळीनं असतात आणि त्यांतला एखादा काळा पडला की एक बाजू गायब होते. बॅलन्सचं बटण मध्यावर आहे ना? तोही एक पॉटच, त्यालाही मळ लागतो. आणि हेडफोन लावून पाहा. हेडफोनवर दोन्ही बाजू व्यवस्थित, पण काढल्यावर एक स्पीकर मुका, तर दोष जॅकमध्ये. हेडफोनची पिन घुसली की स्पीकर तोडायचे, निघाली की परत जोडायचे, असे पातळ संपर्क त्या जॅकमध्ये असतात, ते गंजतात. मी एकदा अख्खी संध्याकाळ पॉट धुण्यात घालवली, तीनदा सेट बंद केला, तीनदा उघडला. शेवटी कंटाळून हेडफोन लावला तेव्हा कळलं. पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, स्पीकर बोलू लागला.

उघडण्याआधी

मेनची वायर काढा, सेलही काढा. सेलवर चालणाऱ्या सेटमध्ये आत सहसा ६ ते १५ व्होल्ट खेळत असतात, त्यानं काही होत नाही. पण त्याच डब्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या एका बाजूला थेट घरची वीज येते. म्हणून माझा नियम असा, की उघड्या सेटची चाचणी घ्यायची तर फक्त सेलवर. मेनची वायर खोलीतच नको. स्प्रे वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, त्यातली रसायनं पेट घेणारी असू शकतात.

हाताशी लागेल ते असं: नीट बसणारे स्क्रूड्रायव्हर, व्होल्ट आणि ओहम मोजणारा साधा मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापसाच्या काड्या. सोल्डरचं सामान बाजूला असू द्या, कदाचित गरज पडणारच नाही.

स्क्रूड्रायव्हरबद्दल दोन शब्द जास्त. जपानी सेटचे फुलीचे स्क्रू जेआयएस या तिथल्या मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की वर उसळतो आणि फुलीच्या कडा खाऊन टाकतो. जेआयएसचा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर फिलिप्सवर खाली भरपूर दाब देऊन, अगदी हळू फिरवा.

उघडणं

पुढची बटणं बहुतेक नुसती ओढून निघतात. पक्कड लावू नका, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि क्रोमचा मुलामा एकदा ओरखडला की ओरखडला. बुटाची नाडी बटणाच्या मागे फास टाकल्यासारखी फिरवा, दोन्ही टोकं धरून सरळ आपल्याकडे ओढा. जोर चारी बाजूंनी सारखा लागतो आणि बटण अलगद हातात येतं. निघत नसेल तर बाजूला बारीक स्क्रू आहे का पाहा.

मागचे स्क्रू काढा. सेलच्या कप्प्यात एक-दोन लपलेले असतात, हँडलच्या खाली असतात. कव्हर अडतंय असं वाटलं की ओढू नका, एखादा राहिलाय. पुठ्ठ्यावर सेटच्या पाठीचं ढोबळ चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवा. सगळे सारख्या लांबीचे नसतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला की समोरून प्लास्टिक फोडून बाहेर डोकावतो.

कव्हर चार बोटंच उचला आणि आत वाका. अँटेनाला जाणारी वायर, सेलच्या कप्प्याच्या वायरी, स्पीकरच्या वायरी, यांतलं काहीतरी दोन अर्ध्यांना जोडून ठेवतं. फोनवर फोटो काढा, मग आणखी काढा. रेडिओच्या सुईला ओढणारा दोरा चक्रांवरून जाताना दिसेल. त्याला बोट लावू नका. तो निसटला तर परत ओवण्यापेक्षा पॉट बदलणं सोपं, हे अनुभवानं सांगतोय.

साफसफाई

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

बिजागऱ्या आणि गंजलेल्या बोल्टसाठी घरात जो तेलकट स्प्रे असतो तो पॉटमध्ये मारू नका. मी मारलाय. पहिले दोन दिवस आवाज आरशासारखा. मी खूश. महिन्याभरात आत राहिलेल्या तेलाच्या थरावर धूळ बसून चिखल झाला आणि खरखर आधीपेक्षा दुप्पट झाली. मग तो चिखल अल्कोहोलनं धुता धुता नाकी नऊ आले.

हवा तो इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा क्लीनर. त्यातही फरक आहे. धातूवर धातू घासतो अशा खटक्यांसाठी एक आणि कार्बनच्या ट्रॅकसाठी दुसरा. उदाहरणार्थ डीऑक्सिटच्या डब्यांत डी हा प्रकार खटक्यांसाठी असतो आणि एफ, म्हणजे फेडरवाला, कार्बनच्या आणि प्लास्टिकच्या ट्रॅकसाठी. तो सफाईबरोबर थोडं वंगणही ठेवून जातो. नुसतं अल्कोहोल मळ काढतं, पण ट्रॅक कोरडा सोडतं. काहीच नसेल तर तेही चालेल.

पॉटच्या अंगावर क्लीनर उडवून उपयोग नाही, तो आत ट्रॅकपर्यंत गेला पाहिजे. पाय जिथून बाहेर येतात तिथे पत्र्याच्या डब्यात फट असते. डबल गँगमध्ये अशा दोन फटी, दोन वेगळ्या मजल्यांवर. पहिला मजला धुऊन दुसरा विसरायचा, ही नवशिक्याची ठरलेली चूक. क्लीनरच्या डब्याची बारीक नळी फटीला टेकवा आणि अर्ध्या सेकंदाचा एकच फवारा मारा, पुढच्या मजल्यावर एक, मागच्यावर एक. दांड्याच्या गळ्यात, म्हणजे जिथे तो पितळी बुशमधून बाहेर येतो तिथे, मुळीच मारू नका. तिथे जाड ग्रीस असतं. बटण फिरवताना बोटाला जो गुळगुळीत, भारदस्त विरोध जाणवतो तो त्याचाच. ते धुऊन गेलं की बटण लटपटतं आणि ती भारी चीज खेळण्यातली वाटायला लागते.

फवारा मारला की लगेच, ओलं असतानाच, दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. अर्ध्यात परत फिरू नका. मळ ढिला करायचं खरं काम वायपर करतो, स्प्रे फक्त त्याला मदत करतो. फटीतून करडं पाणी ओघळलं तर कापसानं टिपा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, म्हणजे द्रावण उडून जाईल. मग सेल घाला आणि ऐका. थोडी खरखर उरली असेल तर आणखी एक फेरी. तिसऱ्या फेरीनंतरही फरक नसेल तर डबा खाली ठेवा; आता प्रश्न मळाचा राहिलेला नाही.

गोल बटणाऐवजी सरकपट्टी असेल तर तीच गोष्ट, फक्त मळ जास्त. तिची खाच वर उघडी असते आणि धूळ थेट ट्रॅकवर पडते. (१९७९ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनमध्ये, टीपीएस-एल२ मध्ये, तर डाव्या आणि उजव्या कानाला अशा दोन स्वतंत्र पट्ट्या होत्या.) आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढा, मग सेट असा धरा की खाच जमिनीकडे येईल आणि सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल.

सफाईच्या फेऱ्यांनंतरची पहिली चाचणी कधीही हेडफोन कानाला लावून घेऊ नका. आवाज अचानक उसळला तर कानाचा प्रश्न आहे.

धुऊनही खरखरतो तेव्हा

हाच तो छुपा भाऊ. पॉटमधून फक्त हलता, म्हणजे आवाजाचा सिग्नल जायला हवा. बॅटरीचा स्थिर डीसी दाब तिथे यायला नको. तो अडवायला पॉटच्या आधी आणि नंतर एकेक कंडेन्सर बसवलेला असतो. जुने इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर गळू लागले की त्यांतून थोडा डीसी झिरपतो. मग ट्रॅक कितीही स्वच्छ असो, वायपर सरकेल तसा तो दाब कमी-जास्त होतो आणि स्पीकरमध्ये खरखर ऐकू येते. पॉट बदलूनसुद्धा जात नाही. किती जणांनी चांगले पॉट यापायी काढून टाकले असतील!

तपासायला सोपं आहे. सेलवर सेट चालू करा, कॅसेट किंवा रेडिओ न वाजवता. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, सर्वांत लहान रेंजला. काळी पिन पॉटच्या खालच्या, म्हणजे ग्राउंडच्या पायाला आणि लाल मधल्या पायाला. बटण मध्यावर ठेवा. एखाद-दोन मिलिव्होल्टचं वाचन विसरून जा. दहा-वीस किंवा जास्त दिसले आणि बटण फिरवताना आकडा बदलत गेला, तर गळती आहे. पिना घसरू देऊ नका, पाय जवळजवळ असतात.

दोनांपैकी कुठला कंडेन्सर गळतोय? वायपरपासून पुढे ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्याचा एक पाय बोर्डातून सोडवा. डीसी गेला तर तो, राहिला तर वरच्या पायाकडचा. मी स्वतः इतकं तपासत बसत नाही, दोन्ही बाजूंचे चारही बदलून टाकतो. एक म्हातारा झाला तर बाकीचे त्याच वयाचे असतात. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि वजा टोकाची पट्टी जुन्याच्या दिशेनं बसवा.

एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. सेट स्टिरिओ, पण व्हॉल्यूमच्या पॉटला पाय फक्त तीन, असं दिसलं तर तिथे आवाज पॉटमधून जातच नाही. तो एका आयसीमधून, म्हणजे चिपमधून जातो, टीडीए १५२४ए हे तसल्या आयसीचं चांगलं उदाहरण. पॉट त्याला फक्त डीसी दाबानं सांगतो, किती. तिथे पायांवर डीसी असणारच, तो दोष नव्हे. अशा सेटची ओळख म्हणजे खरखर किंवा उसळी दोन्ही स्पीकरमध्ये एकाच क्षणी, अगदी सारखी येते.

पॉट मोजणं

डीसी नाही, सफाई झाली, तरी एका ठराविक जागी आवाज तुटतो. मग ट्रॅक झिजला असेल. सेल काढा, मीटर ओहमवर. दोन टोकांच्या पायांमध्ये मोजा: पॉटवर '५०' आणि इंग्रजी 'के' छापलं असेल तर ५० किलोओहमच्या आसपास. २० टक्के इकडे-तिकडे म्हणजे काहीच नाही, नवा असतानाही तेवढा फरक चालतो. पॉट बोर्डावरच असेल तर बाकीच्या सर्किटमुळे मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवेल. जास्त दाखवत असेल, किंवा टोकापासून टोकापर्यंत वाटच नसेल, तर ट्रॅक तुटलाय.

आता एक पिन मधल्या पायावर आणून बटण हळू फिरवा. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उसळून परत आला तर ती झिजलेली जागा. हे बघायला काट्याचा जुना मीटर डिजिटलपेक्षा सरस. काटा थरथरतो ते लगेच दिसतं, आकडे मात्र बदलेपर्यंत ती जागा मागे पडलेली असते.

उघडून पाहण्याचा मोह

बदली पॉट मिळत नसेल तरच. त्यासाठी तो बोर्डावरून काढावा लागतो. डब्याला पत्र्याचे चार कान मुडपलेले असतात. ते पातळ स्क्रूड्रायव्हरनं एकदाच, आणि फक्त लागेल तेवढेच, सरळ करा. एकदा सरळ, एकदा परत मुडपलेला, इथपर्यंत तो कान टिकतो. तिसऱ्या वळणाला तुटतो. माझे दोन तुटले होते, मग पॉटला तांब्याच्या तारेनं बांधून ठेवावं लागलं.

आत काळ्या ट्रॅकवर वायपरच्या वाटेची चकचकीत रेघ दिसेल. अल्कोहोलच्या काडीनं पुसा, दाबून घासू नका. काडी काळी होत राहिली तर थांबा, आता मळ नाही, कार्बन निघतोय. वायपरच्या जिभेला बहुधा दोन-तीन बारीक बोटं असतात. टोकं पुसा आणि ती बोटं चिमट्यानं केसभर बाजूला वळवा, म्हणजे जुन्या चरातून न जाता शेजारच्या कोऱ्या कार्बनवरून जातील. युक्ती साधी आहे, पण झिजलेल्या पॉटला खूप वर्षं मिळतात. पेन्सिलचं शिसं घासायचा सल्लाही कुणी देईल. तो चार दिवस चालतो आणि मग ती पूड सगळीकडे पसरते.

नवा घेताना

ओहम जुळले म्हणजे पॉट जुळला असं नाही. सगळ्यात जास्त फसवते ती त्याची चढण. कान आवाजातला फरक पटींमध्ये ओळखतो. म्हणून व्हॉल्यूमचा ट्रॅक सुरुवातीला हळू आणि शेवटी भराभर चढणारा, लॉग जातीचा असतो. तिथे सरळ चढणीचा लिनिअर बसवला तर बटण चिमूटभर फिरवताच घर दणाणतं आणि उरलेल्या फिरवण्याला अर्थच राहत नाही. जपानी पॉटवर आकड्यापुढचं 'ए' अक्षर लॉगचं आणि 'बी' लिनिअरचं. पण जुन्या युरोपियन पॉटवर नेमकं उलट सापडतं, म्हणून अक्षरावर न जाता मोजा. बटण बरोबर मध्यावर ठेवून खालच्या पायापासून वायपरपर्यंत ओहम पाहा. निम्मे आले तर लिनिअर, दहा-पंधरा टक्केच आले तर लॉग. मात्र हे माप बोर्डावरून सुट्या केलेल्या पॉटचंच धरा.

बाकी जुळवायचं ते असं: गँग किती, पायांमधलं अंतर, दांड्याची जाडी आणि लांबी, त्याचं टोक एका बाजूनं सपाट कापलेलं आहे की दातेरी, सरकपट्टी असेल तर तिची धाव. लाउडनेसच्या जादा पायाचा पॉट मिळणं कठीण. नाही मिळाला तर सहा पायांचा बसवा आणि त्या जादा दोन जागा मोकळ्या सोडा. लाउडनेसचा खटका निकामी होईल, बाकी सेट नीट वाजेल. मला हा सौदा मंजूर आहे.

जुना काढताना पाय एकेक करून सोडवायची धडपड नवशिक्यानं करू नये. पॉट मेलेलाच असेल तर कटरनं त्याचे पायच कापा, पॉट बाजूला करा आणि मग उरलेले तुकडे एकेक करून सोल्डरमधून काढा. या सेटमधले बोर्ड बरेचदा तपकिरी, एकाच बाजूला तांबं असलेले असतात. जास्त तापवले किंवा पाय ओढला की तांब्याची चकती कागदासारखी सुटून येते. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३२० ते ३५० अंश सेल्सिअस, एका जागी दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. जुनं सोल्डर वितळत नसेल तर त्यावर थोडं नवं लावा, त्यातल्या फ्लक्समुळे ते लगेच पाणी होतं. मग सोल्डर शोषणाऱ्या ओढपंपानं ओढून घ्या.

नव्याचं माप बसत नसेल तर पॉट पॅनेलला आवळून वायरींनी बोर्डाशी जोडता येतो. वायरी आखूड ठेवा, वीतभर लांब होत असतील तर शिल्डवाली, म्हणजे वरून तारांचं जाळं असलेली वापरा. पॉटचा पत्रा ग्राउंडला जोडायला विसरू नका. विसरलात तर बटणाला बोट लागताच घुंऽऽ अशी घरघर येईल, तेव्हा आठवेल.

बंद करताना

बंद करण्याआधी अगदी कमी आवाजावर ऐका. तिथे एक बाजू जरा पुढे, एक मागे असं वाटेल. डबल गँगचे दोन ट्रॅक सुरुवातीच्या भागात कधीच तंतोतंत सारखे नसतात, नव्या पॉटमध्येही नाही. बॅलन्सचं बटण थोडं सरकवा आणि सोडून द्या; त्यापायी पुन्हा उघडू नका.

अँटेनाची वायर जोडा, सेलच्या वायरी कव्हरच्या कडेत चिमटत नाहीत ना पाहा. स्क्रू आधी उलटे फिरवा. जुन्या आट्यात बसल्याचा हलका 'टक्' जाणवला की मग सुलटे आवळा, म्हणजे प्लास्टिकमध्ये नवे आटे पडत नाहीत. आणि कव्हरच्या आतल्या बाजूला मी एक कागदाचा तुकडा चिकटवतो. पॉटचे ओहम, लॉग की लिनिअर, पाय किती, कुठला क्लीनर वापरला आणि तारीख. पुढच्या वेळी कव्हर उघडणारा बहुधा मीच असतो, आणि मला यातलं काहीही आठवत नसतं.